तुम्ही विचारलंत म्हणून : ‘ह्यातली तुमची कुठली?’

आमच्या नाटकाचा प्रयोग संपतो. नाटक आमच्याच गोष्टींचं, कुणाची कुठली ते न सांगता केलेलं. आम्ही नऊजणी पाट गोळा करत असतो आणि कुणीतरी स्टेजच्या पायरीशी येऊन विचारतं, “हे सगळं खरं आहे होय? आणि ह्यातली तुमची कुठली?” कोल्हापुरात दसरा चौकात शाहू स्मारकला विचारलंय, इचलकरंजीत विचारलंय, गडहिंग्लजला तर चहाचा कप हातात देता देता विचारलंय. विचारणारे वाईट नसतात. बहुतेकींच्या डोळ्यांत पाणी असतं. तरीही दरवेळी माझं डोकं फिरतं, आणि दरवेळी मी “तसं काही नाही हो” म्हणून पाट उचलते. आज नीट सांगते.

माझी कुठली, हे सांगणार नाही. लाजेनं नव्हे. ते कळू नये अशीच सगळी रचना केलेली आहे, आणि त्या रचनेवर आमचे चौदा आठवडे गेले आहेत. एका उत्तरासाठी मी ती मोडावी असं तुम्हाला वाटत असेल, तर रचना आधी बघा.

“म्हणजे ‘मुलगी झाली हो’सारखं का?” असंही विचारतात. नाही. ते १९८३ सालापासूनचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं नाटक. त्याला लेखक आहे. आमच्याकडे संहिता आधी नव्हती, तालमीतून उभी राहिली. त्यामुळे अर्जावर ‘लेखक’ ह्या रकान्यात काय लिहायचं ह्यावर एक अख्खा रविवार गेला. शेवटी एकीचं नाव घातलं, कारण रकान्यात जागा तेवढीच होती. प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांचं सेन्सॉर) पाठवावी लागते, म्हणजे जे नाटक तालमीत अजून बदलतंय ते एका तारखेला गोठवून कागदावर द्यावं लागतं. अशा नाटकाची पहिली अडचण ती. दुसरी अडचण बायकांची वेळ.

आमची वेळ रविवारी दुपारी तीन ते सहा. तीनच्या आधी धुणं आणि पाणी, सहानंतर भाकरी. ह्या तीन तासांवर कुणाच्या घरचं भांडण होत नाही. पहिले चार रविवार एकही गोष्ट सांगायची नाही, हा नियम. ‘तुमच्या आयुष्यातला कठीण प्रसंग सांगा’ म्हटलं की बाई मालिकेतला प्रसंग सांगते. खोटं बोलते असं नाही. दुःख सांगायची तेवढीच भाषा तिनं ऐकलेली असते. म्हणून वस्तू आणायला सांगायची : घरातली अशी वस्तू जी वापरात नाही आणि टाकवतही नाही. एकीनं किल्ली हरवलेलं कुलूप आणलं. एकीनं भावाचं दप्तर. मग प्रश्न विचारायचा तो एकच : त्या दिवशी जेवायला काय केलं होतं? भाजी आठवली की वेळ आठवते, वेळ आठवली की घरात कोण कोण होतं ते आठवतं, आणि मग थांबवावं लागतं. ‘तेव्हा तुला कसं वाटलं?’ हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे.

रेकॉर्डिंगला दोन फोन. एक घडी केलेल्या टॉवेलवर, म्हणजे फरशीची थरथर येत नाही. दुसरा खिडकीत, पहिला बंद पडला तर असावा म्हणून. पंखा बंद. एप्रिलमध्ये पंखा बंद करून चाळीस मिनिटं बसणं काय असतं ते विचारू नका, पण पंख्याच्या आवाजाखाली बाईचा ‘हं’ ऐकू येत नाही, आणि अर्धी गोष्ट त्या ‘हं’मध्ये असते. एका तासाचं बोलणं जसंच्या तसं उतरवायला पाच-सहा तास जातात. खोकला लिहायचा. मध्येच “दूध उतू जाईल बघ” म्हटलं तेही लिहायचं.

इथे आमची पहिली मोठी चूक झाली. आपल्याकडे कोल्हापुरात बायका ‘मी गेलो’, ‘मी बसलो’, ‘मी येतो’ म्हणतात. उतरवून घेणारीनं शाळेच्या सवयीनं सगळं ‘गेले’, ‘बसले’, ‘येते’ करून टाकलं. जिची गोष्ट होती तिला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, “ही कोण बाई?” विनोद नव्हता तो, तिला खरंच ओळख पटेना. सगळं पुन्हा ऐकून पुन्हा लिहिलं. आणि मग कोल्हापूरबाहेरच्या पहिल्याच प्रयोगात “मी रडलो न्हाई” ह्या वाक्याला हशा आला. वाक्य सासऱ्याच्या मयताचं होतं. उपाय सोपा निघाला : पहिल्या दोन मिनिटांत, हलक्याफुलक्या बोलण्यात, तीनचार ‘गेलो-आलो’ पेरून ठेवायचे. कान सरावतो. मयतापर्यंत कुणी हसत नाही. (मी स्वतः हे लिहिताना ‘सांगते’, ‘उचलते’ लिहितेय, हे माझ्या लक्षात आहे. घरी तसं बोलत नाही. असो.)

आता अदलाबदल. जिनं गोष्ट सांगितली ती पहिली. ऐकणारी दुसरी, ती रेकॉर्डिंग न ऐकता, एका आठवड्यानं, आठवेल तशी गोष्ट परत सांगते. तिच्या तोंडून जे गळतं ते बहुतेक वेळा नाटकातही लागत नाही. चाळिसाची चार मिनिटं इथंच होतात. काम करणारी तिसरी. तिचं नाव चिठ्ठी टाकून ठरतं आणि स्वतःच्या गोष्टीची चिठ्ठी आली तर परत टाकायची. आठव्या आठवड्यापर्यंत पहिलीनं तिसरीची तालीम बघायची नाही. त्यानंतर बघायची, आणि काहीही कापायचा हक्क तिचा, कारण न देता.

नाव, गाव, मुलांची संख्या, नवऱ्याचा धंदा बदलायचा. खाणं, वेळ, हातातलं काम आणि पैशाचा आकडा बदलायचा नाही. आकडा बदलला की बायकांना लगेच कळतं. चांदीच्या पैंजणांचं घरी बसून केलेलं काम काय दरानं जातं, हे पैंजणांसाठीच प्रसिद्ध असलेल्या हुपरीच्या प्रेक्षकाला तुम्ही शिकवणार नाही.

तिसरीनं रडायचं नाही. ती रडली की प्रेक्षक तिची काळजी करायला लागतात आणि गोष्ट तिथेच थांबते. ‘रडू नको’ सांगून ते थांबत नाही, हाताला काम द्यावं लागतं. आम्ही आधी गहू निवडायला दिले. दाणे घरंगळले, पुढच्या नाचात एकीचा पाय सरकला. तूरडाळीचं तेच. शेवटी भुईमुगाच्या शेंगा. घरंगळत नाहीत, आणि फोडल्याचा आवाज कॉलर माइकमध्ये छान येतो. बांगड्या मात्र त्याच माइकमध्ये भयंकर वाजतात. काच उतरवायला दोघी तयार नव्हत्या, आणि त्यांना का म्हणून विचारायचं नाही असं ठरलं. मग माइकच्या बाजूच्या हातात बांगड्या कोपराकडे सरकवून वरून फडक्याची पट्टी बांधली. झिम्म्यानंतर श्वास जुळायला चाळीसेक सेकंद लागतात, म्हणून पुढचं वाक्य झिम्मा न खेळलेलीनं घ्यायचं. सगळ्यांत जड गोष्ट शेवटी ठेवायची नाही. लोक ती घेऊन घरी जातात आणि आधीच्या आठ विसरतात.

एवढं सगळं केल्यावरही जे झालं ते झालं. खरं म्हणजे हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

आमच्यातल्या एकीनं हक्कसोडपत्राची, म्हणजे बहिणींनी मिळकतीतला वाटा भावांना सोडून दिल्याच्या कागदाची, गोष्ट सांगितली. कायदा तुम्हाला माहीत आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. आणि सही कशी होते तेही माहीत आहे. ह्या घरात पाच बहिणी. भावांनी पाचींना माहेरी बोलावलं, जेवण घातलं, साड्या दिल्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं. सांगणारी मधली. गाव बदललं, नदीचा काठ बदलला, साड्यांचा रंग बदलला. ट्रॉली आणि पाच हा आकडा ठेवला. नियमात नव्हतं ते, ठेवलं कारण स्टेजवर ते फार सुंदर दिसत होतं : पाच पाट एकामागे एक, पाचजणी उकिडव्या, खड्डा आला की पाचही एकदम उडतात. प्रेक्षक हसायचे. मग मधली म्हणायची, “धाकटी आमची, सगळ्यांच्या आधी सही करून मोकळी. पेन बी तिचंच.” आणखी मोठा हशा. त्या हशानंतर चार सेकंद शांतता, आणि मग प्रत्येकीचा अंगठ्याला शाई लावायचा अभिनय. अकरा प्रयोग तो हशा त्याच जागी आला. घड्याळ लावावं इतका नेमका.

बाराव्या प्रयोगाला धाकटी आली होती. कुणी बोलावलं ते आजही माहीत नाही.

प्रयोगानंतर ती पायरीशी आली नाही. पाट टेम्पोत चढवत होतो तिथे आली. मला वाटलं, ओरडेल. तशी तयारी होती माझी. कागद पिशवीत होता, मधलीच्या तीन सह्या, तीन वेगवेगळ्या तारखांच्या : सांगायला हो, लिहायला हो, करायला हो. धाकटी ओरडली नाही. म्हणाली, “ती तिची गोष्ट दिली, बरं केली. पण ट्रॉलीत मी बी होतो की. मला कोण इचारलं?”

मी काहीतरी बोलले. नावं बदललीत, असं म्हणाले असेन. ती म्हणाली, “पाच भनी न् एक ट्रॉली. आमच्या गावात सांगायला नाव कशाला लागतंय?” आणि मग, पाटाच्या कडेला बोट घासत, “मी पयली सही का केलो ते तिला ठाऊकच न्हाई.”

का, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, आणि त्याचं श्रेय घेणार नाही. माझं धाडस झालं नाही. अकरा वेळा आम्ही त्या सहीवर शेकडो लोकांना हसवलं होतं. मधलीनं पाहिलं तेवढं सांगितलं, खोटं काहीच नव्हतं. पेन खरंच तिचंच होतं.

आमच्या पहिल्या पत्रकात मी एक ओळ लिहिली होती : ‘जिची गोष्ट, तिचा हक्क.’ तेव्हा फार आवडली होती मला. आता वाचली की वाटतं, बाई, गोष्ट काय सातबारा आहे का, एकीच्या नावावर चढवायला? नवरा, सासू, भाऊ ह्यांची परवानगी घेत बसलो असतो तर एकही गोष्ट स्टेजवर आली नसती, हे मी आजही म्हणते. त्यांनी हयातभर आपली बाजू सांगितलीच आहे. पण धाकटी त्यांच्यातली नव्हती. ती त्याच ट्रॉलीत होती.

मग बदल केले. पाचाचे तीन केले; प्रवेश पडला. तीन पाटांवर ट्रॉली होत नाही, रिक्षा होते. ट्रॉलीची जीप केली. पेनचं वाक्य काढलं. हशा गेला आणि हशा गेल्यावर ती चार सेकंदांची शांतताही गेली, कारण ती हशामुळेच पडत होती. आणि आता मधली चिडली. “माझ्या गोष्टीतनं मलाच काढलासा,” म्हणते. तिचंही खोटं नाही. कापायचा हक्क तिचा असा नियम आम्हीच केला होता. परत घालायचा हक्क कुणाचा, ते लिहिलं नव्हतं. सध्या जिल्ह्यात जीप आणि तीन, जिल्ह्याबाहेर ट्रॉली आणि पाच, पेनशिवाय. ह्याला तुम्ही पळवाट म्हणाल. मीही बरेचदा म्हणते. व्हिडिओ एकदा मोबाइलवर फिरला की जिल्हा कुठला आणि बाहेर कुठलं.

तर ‘ह्यातली तुमची कुठली’ ह्याचा राग मला का येतो ते कळलं असेल. माझी सांगितली की उरतात आठ. दुसरीनं तिची सांगितली की सात. मग शेवटी पाच पाटांवर बोट ठेवणं तुम्हाला अवघड नाही. आणि नऊजणींपैकी काहींची इथे एकही गोष्ट नाही, काहींच्या दोन आहेत, हे मी आत्ता सांगितलं तेवढंही जास्त झालं.

आमच्या संमतीच्या कागदावर आता चौथा रकाना आहे : ‘ह्या गोष्टीत आणखी कोण कोण आहे?’ पुढे तीन ओळींची जागा सोडलीय. बहुतेकजणी ती मोकळीच ठेवून कागद परत देतात.