तू बॅकला थांब

शाळेत संघ पाडताना शेवटी उरलेल्या पोराला 'तू बॅकला थांब' म्हणायचे. ते पोर बहुतेक वेळा मीच. त्यामुळे अजूनही सामना बघायला बसलो की नजर चेंडू सोडून मागच्या माणसांकडे जाते.

परवा १९७४च्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल पुन्हा बघितली. म्युनिक, पश्चिम जर्मनी विरुद्ध नेदरलँड्स. सगळे नेदरलँड्सच्या योहान क्रायफला बघायला आलेले. मी मात्र जर्मनीच्या बॅकला, बेर्टी फोग्ट्सला धरून बसलो. उंची पाच फूट सहा इंच, टोपणनाव 'टेरियर', म्हणजे एकदा धरलं की न सोडणारं कुत्रं. काम एकच, क्रायफला चिकटून राहायचं.

आणि पहिल्याच मिनिटाला क्रायफ त्याला चकवून निसटला! पुढे जर्मनीच्या हॉनेसने पाडलं, पेनल्टी, गोल. तोवर एकाही जर्मनाचा पाय चेंडूला लागला नव्हता. पहिला हात लावला तो गोलकीपर मायरने, जाळ्यातून चेंडू काढताना. चौथ्या मिनिटाला फोग्ट्सला पिवळं कार्ड. आता आणखी एक चूक म्हणजे थेट बाहेर, आणि सामना तर जेमतेम सुरू झालेला. मी असतो तर लांबूनच हातवारे करत बसलो असतो. हा गडी मात्र सावलीसारखा मागे. मध्यंतराला क्रायफच पंचांशी हुज्जत घालून कार्ड खातो, तेव्हा मी एकटाच हसलो. जर्मनी २-१ने जिंकली.

९६ आंतरराष्ट्रीय सामन्यांत फोग्ट्सचा गोल एक. शेवटच्या सामन्यात, १९७८ला अर्जेंटिनातल्या कोर्दोबात ऑस्ट्रियाविरुद्ध, आणखी एक झाला, पण स्वतःच्याच जाळ्यात. ऑस्ट्रियात त्या विजयाचं कौतुक अजून सरलेलं नाही.

कोच झाल्यावरही नशीब बॅकचंच. १९९०चा विश्वचषक जिंकून आधीचा कोच बेकनबाउअर निघाला आणि जाता जाता बोलून गेला की आता पूर्व जर्मनीचे खेळाडूही येतील, जर्मनीला कित्येक वर्षं कोणी हरवणार नाही. निस्तरायला मागे फोग्ट्स! मग १९९२ला डेन्मार्क, १९९४ला बल्गेरिया, १९९८ला क्रोएशिया, जो तो हरवून गेला.

मधे १९९६ला लंडनच्या वेम्ब्लीवर युरो, म्हणजे युरोपचा चषक, जिंकला. बदली आलेल्या बिअरहॉफने बरोबरी साधली आणि जादा वेळेत गोल्डन गोलही, म्हणजे पडताच सामना संपवणारा गोल, मारला. ६९व्या मिनिटाला त्याला बाकावरून उठवणारा कोच कोण, असं मी फुटबॉलवेड्या मावसभावाला विचारलं. त्याला आठवेना. दोन्ही गोल मात्र त्याने हातवारे करून दाखवले.