तुम्ही विचारलंत म्हणून: टीएससी कशाला चालवायचा?

ऑफिसात नवीन आलेली मुलं हमखास विचारतात: ब्राउझरला शेवटी जावास्क्रिप्टच लागते. मग आधी टाइपस्क्रिप्ट (टाइपची जोड दिलेली जावास्क्रिप्ट) लिहा, टर्मिनलवर टीएससी हा तिचा कंपाइलर चालवा, त्यातून जावास्क्रिप्ट काढा, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

प्रश्न रास्त आहे. माझ्या लेखी टीएससीतून जावास्क्रिप्ट निघते ही दुय्यम गोष्ट. मी तो चालवते तपासणीसाठी.

समजा, फॉर्मच्या चौकटीत कुणी ५०० लिहिलं. चौकटीतली किंमत जावास्क्रिप्टच्या हाती स्ट्रिंग म्हणूनच, म्हणजे आकडा नव्हे तर मजकूर म्हणून, पडते. तिच्यात ९० रुपये कर मिळवायला गेलात तर ५९० होत नाहीत, ५०० ला ९० चिकटून ५००९० होतात. जावास्क्रिप्ट चकार शब्द काढत नाही, आणि बिल ग्राहकाकडे जातं. हेच फंक्शन टाइपस्क्रिप्टमध्ये लिहून 'रक्कम नंबर असेल' एवढं सांगून ठेवा; यालाच टाइप म्हणतात. स्ट्रिंग पाठवलीत की टीएससी फाइल, ओळ आणि ओळीतली जागा दाखवून टीएस२३४५ ही एरर देतो. ग्राहकाने पाहण्याआधी चूक तुम्हाला दिसते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. एरर आली तरी टीएससी जावास्क्रिप्टची फाइल काढतोच. तपासणी आणि भाषांतर ही त्याची दोन स्वतंत्र कामं आहेत. चुकीचा कोड बाहेर पडायलाच नको असेल तर कॉन्फिगमध्ये 'नो एमिट ऑन एरर' चालू करा. नव्या प्रोजेक्टमध्ये कडक तपासणीचा 'स्ट्रिक्ट' हा पर्यायही पहिल्या दिवसापासून ठेवा. पुढे कोड वाढल्यावर ते चालू करणं फार जड जातं.

निघालेली फाइल एकदा तरी उघडून वाचाच. टार्गेट, म्हणजे जावास्क्रिप्टची जी आवृत्ती काढायची ती, अलीकडचं असेल तर ती जवळजवळ तुमचाच कोड असते, फक्त टाइप गळलेले. टार्गेट ईएस५ ही जुनी आवृत्ती ठेवलंत तर साध्या असिंक (उत्तराची वाट पाहू शकणाऱ्या) फंक्शनच्या जागी मदतनीस फंक्शनांचं जंजाळ दिसेल. टाइप गळतात म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये ते नसतातच. सर्व्हरकडून आलेला जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) चुकीचा असला तर टीएससी तुम्हाला वाचवू शकत नाही. ती तपासणी हाताने लिहावी लागते.

भाषांतराचा हा मार्ग जुनाच. बेल लॅब्जमध्ये ब्यार्न स्ट्राउस्ट्रुपचा सीफ्रंट सी++ मधून सी काढायचा. १९८५ मध्ये तो बाजारात आला. सी चालेल तिथे सी++ पोचली ती त्यामुळे. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट जाहीर केली, तेव्हा सीसारखीच जावास्क्रिप्ट सगळीकडे पोचलेली होती.

आता काही जण म्हणतात, नोड या ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या २३.६ आवृत्तीपासून टाइपस्क्रिप्टची फाइल थेट चालते, मग टीएससी हवाच कशाला? नोड टाइप फक्त पुसतो, तपासत नाही. तिथे ५००९० चं बिल निमूट छापलं जाईल. म्हणून भाषांतर नोडवर सोपवलंत तरी कोड पुढे पाठवण्याआधी टीएससी 'नो एमिट' लावून, म्हणजे फाइल न काढता फक्त तपासणीपुरता, चालवा.