सहा स्वरांचा एकच 'ई': मेलबर्नमधले प्राचीन ग्रीकचे वर्ग

मेलबर्नच्या लॉन्सडेल स्ट्रीटवर ग्रीक सेंटर आहे. १८९७ साली स्थापन झालेली इथली ग्रीक कम्युनिटी तिथे गुरुवारी संध्याकाळी इतिहास-संस्कृतीवर व्याख्यानं भरवते. होमरपासून आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, ग्रीक निर्वासितांपर्यंत कुठलाही विषय असतो, वक्ते बहुधा अभ्यासक असतात आणि ऐकायला निवृत्त मंडळींबरोबर त्यांची नातवंडंही येतात. शिवाय प्राचीन ग्रीकचे वर्ग चालतात, तेही मोठ्या माणसांसाठी. मुलांची शनिवारची भाषाशाळा वेगळी. तशी आपल्या इथल्या मराठी लोकांचीही असते. पण आज कुणीच बोलत नाही अशी भाषा शिकायला नोकरी करणारी माणसं दमूनभागून संध्याकाळी येऊन बसतात, याचं मला मनापासून कौतुक आहे.

या वर्गांत पहिला खटका उडतो तो उच्चारांवरून. विद्यापीठांत इरॅस्मस या डच विद्वानाच्या १५२८ च्या ग्रंथापासून रुळलेली, प्राचीन उच्चारांच्या जवळ जाऊ पाहणारी पद्धत शिकवतात. ग्रीक घरातल्या विद्यार्थ्याला ती परकी वाटते. आजीच्या तोंडी आणि चर्चमध्ये जे ऐकलं तेच त्याला खरं वाटतं, आणि यात त्याचं काही चुकत नाही. पण आजच्या ग्रीकमध्ये ईटा, आयोटा, इप्सिलॉन ही तीन अक्षरं आणि आणखी तीन जोडस्वर, सगळ्यांचा उच्चार 'ई' असाच होतो. त्यामुळे प्राचीन भाषेतले 'आम्ही' आणि 'तुम्ही' दोन्ही 'इमीस' होऊन बसतात. श्रुतलेखनात कोण कुणाशी लढलं हेच कळत नाही! जुना उच्चार वेगळा होता याचा पुरावा मेंढीने दिलाय. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या क्रातिनोस या नाटककाराने मेंढीचं ओरडणं ज्या अक्षरांनी लिहिलं, ती आजच्या पद्धतीने वाचली तर मेंढी 'व्ही व्ही' करते. जुन्या पद्धतीने वाचलं की ती आपल्या मेंढीसारखी 'बें बें' करते. माझ्या मते रूपं पाठ करताना आणि श्रुतलेखनात जुना उच्चार वापरावा, उतारा मोठ्याने वाचताना घरचा. दोन्ही सांभाळणं अवघड नाही. शिक्षकाने कधी कुठला ते पहिल्याच दिवशी ठरवून दिलं पाहिजे.

उच्चारावरून पुढची अडचण येते 'ह'ची. प्राचीन ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' स्वरावर छोटं श्वासचिन्ह देऊन दाखवतात. आज तो उच्चारत नाहीत, म्हणून चिन्ह नुसतं घोकावं लागतं आणि हमखास चुकतं. पण संधीत त्याच्यावाचून चालत नाही. 'काता' आणि 'होलू' एकत्र आले की त-ह मिळून 'काथोलू' (मुळीच) होतं, आणि हा शब्द ग्रीक लोक आजही रोज वापरतात. तत् + हि = तद्धि शिकलेल्या आपल्या माणसाला हे सांगावंच लागत नाही.

चिन्हांच्या बाबतीत आजोबा नातवाच्या पुढे असतात. तीन आघातचिन्हं, दोन श्वासचिन्हं आणि स्वराखालचा आयोटा हा सारा पसारा ग्रीसने १९८२ साली व्यवहारातून काढला. पन्नास-साठच्या दशकांत जहाजाने आलेली पिढी त्यातच शिकली, नातवंडांनी फक्त एक आघात पाहिला. विभक्तीचं मात्र उलट. आजोबांना बायबलमधल्या योहानच्या शुभवर्तमानाची 'एन आर्खी' (आरंभी) ही सुरुवात ईस्टरला ऐकून ऐकून पाठ असते, पण ती चतुर्थी आहे हे माहीत नसतं, कारण ती विभक्ती बोलीतून केव्हाच गेली. चांगला शिक्षक चतुर्थी इथूनच सुरू करतो.

संस्कृत शिकलेल्याला इथे घरच्यासारखं वाटतं. 'दिदोमि' म्हणजे ददामि, द्विवचन आहे, आत्मनेपदासारखे प्रयोग आहेत, भूतकाळाला आधी 'अ'सारखा आगम लागतो. फसगत होते ती विभक्त्यांत: संस्कृतात संबोधन धरून आठ, ग्रीकमध्ये पाच. तृतीया आणि सप्तमीचं काम चतुर्थीच करते, पंचमीचं षष्ठी.

आता आपल्या इथल्या मराठी मंडळांबद्दल. आपण इथे मोठ्या संख्येने आलो ते अलीकडे. सव्वाशे वर्षांच्या संस्थेशी तुलना रास्त नाही. गणपती आणि दिवाळी अंक सांभाळतो हेही कमी नाही. शिवाय व्याख्यानमाला हा काही आपल्याला नवा प्रकार नाही, पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे. पण मोडीचा किंवा ज्ञानेश्वरीचा वर्ग काढू म्हटलं की 'उपयोग काय?' हा प्रश्न पहिल्यांदा आपलेच लोक विचारतात, आणि त्याचा मला राग येतो.

ग्रीक आणि मराठी, दोघांच्या मधला विषय तर तयारच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची (प्राचीन भारतात ग्रीकांना यवन म्हणत) दानं कोरलेली आहेत. एका लेखात 'यवनस सिहधयान थंभो दानं' (यवन सिहधयाने दान दिलेला खांब) असं आहे: लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, दात्याचं नावही इथलंच. हे यवन खरोखर ग्रीक वंशाचे होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जुन्नर आणि नाशिकच्या लेण्यांतही असे लेख आहेत. ग्रीक श्रोत्यांना एका गुरुवारी हे ऐकायला नक्की आवडेल. आपल्या मंडळाने ठसे, नकाशा आणि लेखांचं इंग्रजी भाषांतर घेऊन एक वक्ता पाठवावा.