दक्षिणेची बाल्कनी, मिरची आणि खरबूज: जानेवारी ते मेची नोंद

आधी जागा सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पुणे, तिसरा मजला. बाल्कनी दहा फूट लांब, चार फूट खोल, तोंड सरळ दक्षिणेला. वर चौथ्या मजल्याचा स्लॅब, साडेनऊ फुटांवर. समोर इमारत नाही, हे नशीब. कबुतरांची जाळी लावलेली आहे आणि ती निघणार नाही, हा घरातला ठराव आहे.

दक्षिणेची बाल्कनी म्हटली की लोक म्हणतात, मग काय, उन्हाची चैनच. चैन आहे, पण थंडीत. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवर असतो, त्यामुळे ऊन बाल्कनी ओलांडून हॉलमधल्या सोफ्यावर येऊन बसतं. 21 मार्चला तो 71 अंशांच्या वर चढतो आणि माझ्या स्लॅबखाली ऊन जेमतेम तीन फूट शिरतं. एप्रिलच्या मध्यावर कठड्यालगतची दीड फुटाची पट्टी तेवढी उरते. 13 मेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळही तो इमारतीच्या मागच्या बाजूला. म्हणजे बाहेर डांबर वितळत असताना माझ्या झाडांना थेट ऊन शून्य.

म्हणून बियांच्या पाकिटावर छापलेलं ‘फेब्रुवारी-मार्च’ मी वाचत नाही. ते शेतासाठी आहे. माझं खरबूज एप्रिलच्या मध्याच्या आत उतरलं पाहिजे, तर बी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रुजायला हवं. स्लॅबची उंची आणि बाल्कनीची खोली मोजा, तुमची तारीख तुम्हालाच काढता येईल. पूर्व-पश्चिमवाल्यांचं गणित अर्थातच वेगळं.

संक्रांतीच्या आधी

खरबुजाच्या बीला पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते आणि पुण्यात पहाटे दहा-बारा. बी रात्रभर कोमट पाण्यात, मग ओल्या सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, आणि डबा फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात जिथे गरम हवा येते तिथे. मोड दिसला की लगेच कागदी कपात. खरबुजाला मुळं दुखावलेली चालत नाहीत, त्यामुळे दोन खरी पानं आली की कपाचा तळ फाडून कपासकट ग्रो बॅगेत, म्हणजे झाडं लावायच्या पिशवीत, बसवायचं. ट्रेमधून उपटून लावायचं काम मिरचीवर करावं, ती सोसते.

वाण ‘अर्का जीत’. बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं जुनं वाण आहे. फळ लहान, चपटं-गोल, गर पांढरा, साल पिकताना नारिंगी. जाळीदार सालीची मोठी संकरित खरबुजं बाजारात दिसतात ती बाल्कनीत टांगायची म्हणजे आधी टांगायचं काय ते बघावं लागेल.

बॅग पंधरा बाय पंधरा इंच, म्हणजे चाळीसेक लिटर. मिश्रणात निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बाकी कुजलेलं शेणखत, गांडूळखत आणि थोडी माती, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन घ्या. क्षार तर जातातच, शिवाय तो तांबूस चहासारखा रंगही जातो. धुतलं नाही तर तो रंग ट्रेमधून ओसंडून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर उतरतो आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फोटो येतो.

ओली बॅग पस्तीस-चाळीस किलोची होते. भारतीय मानकात राहत्या घराच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला साधारण 300 किलो भार धरतात, पण आमची इमारत जुनी आहे आणि बाल्कनी नुसती पुढे आलेली आहे, त्यामुळे जड बॅगा मी कठड्याशी ठेवतच नाही. आता पंचाईत बघा: वजन भिंतीशी हवं आणि ऊन कठड्याशी. मिरचीला काही तोडगा नाही, तिची बारा इंची बॅग हलकी असते, ती जाते पुढे. वेलाला मात्र पाय आहेत. बॅग भिंतीशी, आणि सुतळी तिरकी कठड्याच्या ग्रिलवर. मूळ सावलीत गार, पानं उन्हात. मार्चमध्ये काळी बॅग उन्हात तापून मुळं शिजतात, तो प्रश्नही यातच सुटतो.

फेब्रुवारी

ढोबळीची तोडणी चालू. ही रोपं ऑक्टोबरातली, आणि ढोबळीला पुण्याची थंडी जितकी मानवते तितकी माणसांनाही मानवत नसेल. रात्रीचं तापमान पंधरा-वीसच्या दरम्यान असलं की फळ धरतं. रात्री चोवीसच्या वर गेल्या की फूल देठासकट गळतं. फळं बाजारातल्यापेक्षा लहान, पण भरली ढोबळी करायला हीच सोयीची. सगळ्यात खालचं, फांदीच्या बेचक्यातलं पहिलं फळ हिरवंच काढून टाकावं. ते लाल होईपर्यंत ठेवण्याचा मोह होतो, त्याला आणखी तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर झाड वरची फुलं धरत नाही.

ज्वाला आणि लवंगी या दोन्ही मिरच्या गणपतीनंतर लावलेल्या. ज्वाला भरपूर. लवंगी कमी, पण तिखटपणाला ती पुरून उरते.

खरबुजाचा शेंडा पाच पानांवर खुडला. खुडायला हात धजत नाही हे मान्य, पण फळ देणारी फुलं मुख्य वेलावर क्वचित येतात, ती बगलफुटीवर येतात. दोन बगलफुटी ठेवल्या, बाकी काढल्या. खत म्हणून सुरुवातीला 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच), लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. केळीच्या सालीच्या पाण्यावर माझा विश्वास नाही. साली गांडुळांना घाला, ती खूष होतात.

होळीच्या सुमारास

नर फुलं आधी आली, झुपक्याने. ती येतात आणि संध्याकाळी मिटून जातात, त्यावर घाबरू नये. मादी फूल ओळखायला पाकळ्यांच्या मागे बघायचं: तिथे शेंगदाण्याएवढा हिरवा, बारीक लव असलेला गोळा असतो. बोट फिरवलं तर लव मखमलीसारखी लागते. खरबुजात बहुतेक वेळा हे फूल निव्वळ मादी नसतं, त्याच्या पोटात पुंकेसरही असतात. म्हणून काही जण म्हणतात की मग आपोआप फळ धरेल. धरत नाही, परागकण चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत, ते उचलून ठेवायला कुणीतरी लागतं. शेतात सातेरी आणि फुलोरी मधमाश्या ते करतात. माझ्याकडे जाळीतून फुलोरी अधूनमधून येते, पण तिच्या भरवशावर राहत नाही.

सकाळी आठ ते दहा. त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे ओढून काढायच्या, मग उरलेली पिवळी दांडी मादी फुलाच्या मधल्या तीन फुगीर भागांवर हलक्या हाताने टेकवत फिरवायची. तिन्हींना परागकण लागले पाहिजेत, एक बाजू सुटली तर फळ तिकडे वाकडं वाढतं. चार-पाच दिवसांत गोळा सुपारीएवढा झाला आणि खाली झुकला की धरलं. पिवळा पडला की गेलं.

धरल्या दिवशीच फळाला बारीक जाळीची पिशवी. फळमाशी कोवळ्या फळातच अंडी घालते, नंतर कितीही झाका, आत अळी असतेच. एका वेलाला एकच फळ ठेवलं आणि त्यामागे वीसेक पानं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचा गट, पानाच्या क्षेत्रफळाचा आणि उन्हाचा हिशोब मांडत असत. बाल्कनीत तो हिशोब जास्तच कडक लागू होतो, कारण पानं वाढवता येतात, ऊन वाढवता येत नाही.

पाडवा ते एप्रिलचा पहिला आठवडा

कोरडी हवा आली तसा ज्वालावर बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळण्याचा चुरडा-मुरडा, दिसायला लागला. इथे थांबून नीट बघा, कारण ‘चुरडा-मुरडा’ या एका नावाखाली दोन-तीन भानगडी असतात. पानाच्या कडा वर वळून पान द्रोणासारखं झालं तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान उलट्या होडीसारखं आणि देठ लांबलेला, तर कोळी, म्हणजे रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड. पान बारीक, पिवळट, झाड खुजं राहिलं आणि पांढरी माशी आसपास असेल तर विषाणू. त्याला औषध नाही, झाड उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात.

माझ्या ज्वालाच्या कडा वर होत्या. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला तर पिवळसर, सुईच्या टोकाएवढे किडे पळताना दिसले. निळे चिकट सापळे आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, साबणाच्या पाण्यात फेटून, पानाच्या खालच्या बाजूने. पाच-सहा दिवसांनी पुन्हा. नवे शेंडे सरळ आले.

लवंगीवर मात्र कडा खाली. कोळी उघड्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट भिंगाखाली दिसला. कोळ्यावर साधा उपाय म्हणजे पाण्यात मिसळणारं गंधक. पण शेजारी खरबूज. खरबुजाची पानं गंधकाने करपतात, आणि बत्तीस अंशांच्या वर तर मिरचीलाही ते सोसत नाही. वर नुकतंच तेल मारलेलं असेल तर दोन आठवडे गंधक नको. त्यामुळे लवंगीची बॅग उचलून जिन्यातल्या खिडकीत नेली, तिथे पहाटे फवारलं आणि चार दिवस तिथेच ठेवली. मिरची आणि खरबूज एका बाल्कनीत लावणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी आधी ठरवून ठेवावी.

खरबुजाच्या जुन्या पानांवर भुरी या बुरशीचे पिठूळ ठिपके आले. खालची चार पानं कापली, बाकीच्यांवर पातळ ताक सकाळच्या उन्हात फवारलं. भुरी थांबली, गेली नाही. फळ उतरेपर्यंत वेळ निघाला, तेवढं पुरे.

खत बदलून 0:0:50, म्हणजे नुसतं पालाश. पाणी दिवसाला चार लिटरपर्यंत गेलं, दोन वेळा विभागून. ‘शेवटी पाणी तोडा म्हणजे गोडी येते’ हा शेतातला सल्ला बॅगेत जसाच्या तसा वापरू नका. जमिनीत ओल खोल असते, बॅगेत दुपारी दोनला वेल मान टाकतो आणि संध्याकाळी उठत नाही. मी शेवटच्या आठवड्यात पाणी पाऊण केलं, इतकंच.

वजन वाढल्यावर फळ कांद्याच्या जाळीदार पिशवीत बसवून ग्रिलला बांधलं. देठावर ताण नको.

तोडणी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साल हिरवीची नारिंगी झाली, खोलीत शिरल्या शिरल्या वास. देठ जिथे फळाला मिळतो तिथे बारीक भेग गोल फिरली आणि अंगठा टेकवताच फळ सुटलं. ओढावं लागलं तर अजून दोन दिवस थांबा. खरबूज तोडल्यावर मऊ होतं, गोड होत नाही.

पहिलं फळ 430 ग्रॅम, रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली गोडी मोजायचं यंत्र) ब्रिक्स 11. दुसऱ्या वेलाचं 360 ग्रॅम आणि ब्रिक्स 9. बी, माती, खत, पाणी सगळं एकच. दुसरा वेल पूर्वेकडच्या भिंतीशी होता आणि त्याच्या पानांवर सकाळी दहापर्यंत भिंतीची सावली पडायची. पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यात पुदिना.

मे

वेल कापून बॅगा सुकायला ठेवल्या. मिश्रण चाळून, साठलेले क्षार भरपूर पाण्याने धुऊन, नवं शेणखत घालून पुन्हा भरणार. त्याच बॅगेत लगेच दुसरा वेल मात्र लावणार नाही.

ढोबळी एप्रिलमध्येच उपटली. ज्वाला आणि लवंगी कठड्याला चिकटून उभ्या आहेत. रात्रीचा उकाडा आणि उन्हाची ओढाताण, त्यामुळे फुलं येतात नि गळतात. त्यावर टॉनिक विकणारे पुष्कळ आहेत, मी काही मारत नाही. जूनच्या पहिल्या पावसात दोन्ही झाडं फूटभरावर छाटायची आणि जिवंत ठेवायची, एवढंच पावसाळ्यातलं काम. जुलैच्या शेवटी सूर्य पुन्हा दक्षिणेकडे वळला की फुटव्यांना ऊन मिळायला लागेल. ढोबळीचं बी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रेमध्ये टाकतो, आणि या खेपेला एक भिवापुरी मिरचीही लावून बघणार आहे. नागपूरच्या उन्हातली ती पुण्याच्या बाल्कनीत कशी लाल होते, ते दिवाळीनंतर कळवतो.