मोगरा आणि गुलाब: तेच तेल साबणात, मेणात आणि अल्कोहोलमध्ये

या खेपेला नवी तेलं आणायची नाहीत असं ठरवलं होतं. मोगरा आणि गुलाब, दोनच फ्रेग्रन्स ऑइल (सुगंधी घटक जुळवून रचलेली तेलं) घ्यायची आणि तीच साबण, मेणबत्ती आणि परफ्यूम या तिन्हींत घालून शेजारीशेजारी ठेवायची. बाटली हुंगून तेल निवडण्याची आपल्या सगळ्यांना सवय असते. पण समोर वाळत ठेवलेल्या वड्यांचा वास घेतला की कळतं, बाटलीवरून साबणाचा अंदाज बांधता येत नाही.

साबण कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे तेलं आणि लाय (कॉस्टिक सोडा) बाहेरून न शिजवता एकत्र करून केलेला. साबणाच्या 500 ग्रॅम मूळ तेलांना 15 ग्रॅम फ्रेग्रन्स ऑइल, म्हणजे 3 टक्के, आणि सुपरफॅट, म्हणजे साबण न होता मुद्दाम शिल्लक ठेवलेलं तेल, 5 टक्के. फुलांची तेलं मिश्रण झपाट्याने घट्ट करतात, म्हणून लायचं पाणी आणि तेलं दोन्ही 35 अंशांच्या आसपास आल्यावरच एकत्र केली. सुगंध अगदी हलक्या ट्रेसला, म्हणजे मिश्रण जेमतेम दाटू लागल्यावर, घातला आणि त्यानंतर ब्लेंडर बाजूला ठेवून हातानेच ढवळलं. बऱ्याचदा या घाईमागे युजेनॉल असतं. लवंगेचा वास ज्याच्यामुळे येतो तेच हे. कार्नेशनच्या तेलात ते हमखास असतं आणि गुलाबाच्या काही मिश्रणांतही असतं. माझा गुलाब घट्ट व्हायला लागला, पण मोल्डमध्ये ओतण्याइतका वेळ मिळाला. मोगरा शेवटपर्यंत पातळ राहिला.

मोल्डमधून काढताना मात्र चित्र उलटं झालं. गुलाबाची वडी भरभरून दरवळत होती. मोगऱ्याचा पहिला गोड, फळासारखा झोत गायब होता आणि मागचा जड, किंचित कडवट भाग तेवढा शिल्लक होता.

याचं कारण साबण ज्या क्रियेने बनतो त्याच क्रियेत आहे. मोगऱ्याचा तो गोड झोत मुख्यतः बेंझिल अ‍ॅसिटेटचा असतो, आणि बेंझिल अ‍ॅसिटेट हे एस्टर आहे. आपली खोबरेल, ऑलिव्ह वगैरे तेलंही रसायनाच्या भाषेत एस्टरच: ग्लिसरीन आणि मेदाम्लं यांची जोडी. लाय ही जोडी फोडते तेव्हा साबण होतो. मग ती सुगंधातलं एस्टर तरी का सोडेल? तेही फुटतं आणि उरतं बेंझिल अल्कोहोल, ज्याचा वास अगदी क्षीण असतो. गुलाबाच्या वासाचा कणा असलेले फिनाइल इथाइल अल्कोहोल, सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हे तिन्ही एस्टर नाहीत, अल्कोहोल आहेत. लाय त्यांना फारसा धक्का लावत नाही. म्हणून गुलाब साबणात ठामपणे उभा राहतो. लिनालिल अ‍ॅसिटेटचंही बेंझिल अ‍ॅसिटेटसारखंच होतं, त्यामुळे ज्या तेलाचा जीव अशा एस्टरांत आहे ते साबणात फिकं पडणार हे आधीच धरून चालावं.

रंगाचंही तसंच. गुलाबाची वडी जवळजवळ पांढरी राहिली, मोगऱ्याची पिवळटवरून तपकिरीकडे चालली आहे. इंडोल आणि मिथाइल अँथ्रानिलेट हे मोगऱ्याला मोगरापण देणारे घटकच हा रंग आणतात. टिटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याने तो फिका दिसतो, थांबत नाही. ज्यांच्या तेलात व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा घटक) आहे त्यांनी तर पांढऱ्या साबणाची आशाच धरू नये, आणि बिनवासाचा पांढरा थर शेजारी ओतला तरी तपकिरी हळूहळू त्यात उतरतो. मला स्वतःला मोगऱ्याचा हा बदामी रंग आवडतो, म्हणून मी त्यावर दुसरा रंग चढवणार नाही.

मेणबत्तीत लाय नाही, त्यामुळे मोगऱ्याचा गोडवा तसाच्या तसा टिकला. सोया वॅक्स 200 ग्रॅम, सुगंध 16 ग्रॅम, म्हणजे 8 टक्के. मेण 80 ते 85 अंशांवर असताना तेल घालून दोन मिनिटं सावकाश ढवळलं आणि 60 च्या खाली आल्यावर ओतलं. फ्लॅश पॉइंटला घाबरून कमी तापमानाला तेल घालणारे बरेच जण असतात. फ्लॅश पॉइंट म्हणजे तेलाची वाफ ज्योत लावल्यास पेटू शकेल ते तापमान. त्या आकड्याला तेल उडून जातं असं नाही. वाहतुकीसाठी आणि उघड्या ज्योतीपासून दूर राहण्यासाठी तो महत्त्वाचा, सुगंध टिकण्याशी त्याचा थेट संबंध नाही.

न पेटवता मोगरा जोरदार, पेटवल्यावर गुलाब पुढे, असं माझ्या बरण्यांत दिसलं. पण इथे वातीने निकाल फिरवला. बरणी तीच, मेण तेच, तरी मोगऱ्याच्या बरणीत मेणाचं तळं काठापर्यंत पोचत नव्हतं. वात एक आकार वाढवल्यावर वास खोलीभर आला. म्हणजे तेल बदललं की वातीची चाचणी पुन्हा पहिल्यापासून. आणि ओतल्यावर दोन आठवडे थांबणं सोयाला फार मानवतं, दुसऱ्याच दिवशी पेटवून निकाल देऊ नका.

परफ्यूममध्ये दोन्ही तेलांनी मन भरून टाकलं. इथे काही फुटत नाही की जळत नाही. 10 ग्रॅमच्या बाटलीत दीड ग्रॅम तेल, बाकी अल्कोहोल. नुसता मोगरा मात्र ब्लॉटरवर (वास घ्यायच्या कागदी पट्टीवर) सपाट वाटतो. थोडं हेडिओन हे सुगंधी रसायन घातल्यावर त्यात मोकळी हवा आली. हेडिओनचा स्वतःचा वास मंद, पण फुलांच्या मिश्रणाला ते पसरवतं. 1966 च्या डिओरच्या 'ओ सोवाज' या परफ्यूममध्ये सुगंधकार एडमंड रूद्निट्स्का यांनी ते वापरलं आणि तिथून ते सगळीकडे पोचलं.

फ्रेग्रन्स ऑइलला कमी लेखणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. लिली ऑफ द व्हॅलीच्या फुलातून व्यवहारात उपयोगी पडेल असं तेल निघतच नाही. तो वास हायड्रॉक्सिसिट्रोनेलालसारख्या घटकांनीच रचावा लागतो. अस्सल गुलाबाचीही गंमत आहे: फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, म्हणून ऊर्ध्वपातनात ते मोठ्या प्रमाणात गुलाबजलातच राहून जातं.

कागदपत्रं मात्र प्रत्येक तेलाची पाहाच. इफ्राच्या (सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) प्रमाणपत्रात परफ्यूमसाठी वर्ग 4, साबणासाठी वर्ग 9 आणि मेणबत्तीसाठी वर्ग 12 असतो, आणि तिन्हींची कमाल मर्यादा वेगळी असते. मेणबत्तीत चालणारं प्रमाण अंगावर चालेलच असं नाही. फुलांच्या मिश्रणांत एकेकाळी सर्रास असलेलं लिलिअल हे सुगंधी रसायन युरोपीय संघात मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद आहे. कपाटात जुनी फुलांची तेलं असतील तर हे नाव शोधा.

पुढची बॅच मोगऱ्याच्या साबणाचीच. सुगंधाचा एक तृतीयांश भाग गुलाबाचा आणि थोडं हेक्झिल सिनॅमिक अल्डिहाइड, जे मोगऱ्याच्याच घराण्यातलं वाटतं आणि साबणात बऱ्यापैकी टिकतं. निम्मी बॅच जेल होऊ देणार, म्हणजे साच्यात स्वतःच्या उष्णतेने तापू देणार, निम्मी लगेच फ्रिजमध्ये. सहा आठवडे क्युअर झाल्यावर, म्हणजे वाळून मुरल्यावर, दोन्ही वड्यांच्या वासाची नोंद टाकते.