सात की साठ? व्हिडिओतली शांतता कापताना

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला गणित शिकवते. शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी गेल्या वर्षीपासून फळ्यासमोर फोन लावून व्हिडिओ करते आणि पालकांच्या ग्रुपवर टाकते. पहिला लसाविचा व्हिडिओ 41 मिनिटांचा झाला. त्यात गणितं किती? चार. शिष्यवृत्तीच्या पेपरला 75 प्रश्न आणि वेळ दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. बाईंना मात्र एका गणिताला दहा मिनिटं लागतात!

बघितलं तर वेळ माझ्या बोलण्यात जातच नव्हता. खडू शोधणं, फळा पुसणं, पुढचं उदाहरण वहीत बघणं, पाणी पिणं. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये एकेक जागा बोटाने धरून कापायला बसले, तर दोन संध्याकाळी गेल्या आणि निम्मा व्हिडिओही संपला नाही. पुण्यात एडिटिंगचं काम करणाऱ्या भाच्याला फोन केला. तो हसला. "मावशी, हे आता हाताने कोण करतं? एआयला दे."

नेटवर शोधलं, एका साइटवर व्हिडिओ चढवला. चढायलाच पाऊण तास लागला. 'एआय शांतता काढून टाकते' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. 41 मिनिटांचे 24 झाले! मी खूश होऊन न बघताच ग्रुपवर टाकला.

रात्री एका आईचा मेसेज आला. "बाई, तुम्ही सात म्हणताय की साठ? पोरगं दोन्ही लिहून बसलंय."

कानाला हेडफोन लावून ऐकलं. मी म्हणत होते 'सा', आणि पुढचा शब्द. सातलाही सा, साठलाही सा. 'गट आहेत'चं 'गट आहे' झालं होतं, 'उरत नाहीत'चं 'उरत नाही'. आणि उत्तर छत्तीस यायला हवं तिथे मी चक्क 'छतीस' म्हणत होते, जसं काही नवीनच बोली शिकून आले.

भाच्याने दुसऱ्या दिवशी फोनवर समजावलं ते मला पटलं, कारण ते तोंडात करून बघता येतं. 'सात' सावकाश म्हणून बघा. 'सा' मोठ्याने येतो, मग त साठी जीभ दातांना टेकते आणि तेवढा क्षण आवाज पूर्ण बंद असतो. नंतर जीभ सुटताना अगदी बारीक फुस्स होतं. तो फुस्स म्हणजेच त. ठ ला जीभ जरा मागे, टाळूला लागते आणि सुटताना हवा जोरात बाहेर येते, एवढाच फरक. यंत्राने आवाज बंद झाला तिथे कात्री मारली की फुस्स बाहेर, आणि सात-साठ दोन्ही सारखे. 'छत्तीस'मध्ये तर जीभ टेकून जास्तच वेळ थांबते, ते थांबणं हेच जोडाक्षर. सत्तावीस, अठ्ठावीस, सत्तर, बहात्तर... आपले आकडे अशा थांब्यांनी भरलेत. गणिताच्या बाईंनी हे टूल वापरावं यासारखा दुसरा विनोद नाही.

म्हणजे त्या साइटला मराठी कळत नव्हतं असं नाही, तिला बोलणंच कळत नव्हतं. आवाज किती मोठा, एवढंच ती मोजत असणार. माझ्याकडे त्याचा पुरावाही होता: शेजारच्या घरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या तिने जपून ठेवल्या होत्या.

"मग खरंखुरं एआय लावू," भाचा म्हणाला. माणसाचा आवाज ओळखणारी मॉडेल्स असतात, आवाजाचे छोटे छोटे तुकडे घेऊन हे बोलणं आहे की नाही एवढंच सांगतात. त्याने त्यातलं एक मोफत मॉडेल लावून व्हिडिओ करून पाठवला. कुकर गेला. पंखा गेला. शब्दांची शेपटं शाबूत. मी म्हटलं, झालं काम.

वर्गात दाखवला. गणित असं होतं: दोन घंटा, एक दर 12 मिनिटांनी वाजते, दुसरी दर 18 मिनिटांनी, तर एकदम पुन्हा कधी वाजतील? फळ्यावर मी लिहिलं 12, 18. पुढच्याच क्षणी खाली 6, 9 आणि त्याखाली 2, 3 आपोआप उगवले, आणि मी 'म्हणजे उत्तर छत्तीस' म्हणत होते. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ते सहा आणि नऊ कधी लिहिलं?" कारण लिहिताना मी बोलत नाही. खडूचा आवाज म्हणजे बोलणं नव्हे, म्हणून मॉडेलने तो भागाकार इमानदारीत काढून टाकला होता. पहिल्या साइटने त गिळला, या दुसऱ्याने गणितच.

इथे मी आठवडाभर सगळं सोडून दिलं. चाचणीचे पेपरही तपासायचे होते.

मार्ग सापडला तो माइकमुळे. भाच्याने दिवाळीला आला तेव्हा पदराला लावायचा छोटा माइक आणून दिला. तोवर फोन पाच-सहा फुटांवरून ऐकत होता, त्याला मी, खडू आणि पंखा जवळपास सारखेच. माइक हनुवटीखाली आल्यावर माझं बोलणं उणे 18 डेसिबलच्या आसपास, खडू उणे 38, पंखा त्याहून खाली. (रेकॉर्डिंगमध्ये शून्य म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे जितकं जास्त तितका आवाज बारीक. हे लक्षात ठेवायला मला दोन दिवस लागले, आणि मी गणिताची बाई.) मधे चांगली रुंद फट पडली. आता रेघ उणे 30 वर ओढली की वर बोलणं, खाली बाकी सगळं. आवाज किती मोठा एवढंच मोजणारं साधं टूलही मग पुरतं.

टूल वापरलं ते ऑटो-एडिटर. मोफत आहे, पण त्याला बटणं नाहीत, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते. भाच्याने ती ओळ पाठवली, मी डायरीत उतरवून ठेवली. त्यातल्या दोन गोष्टी माझ्या कामाच्या. पहिली, मार्जिन: बोलण्याच्या आधी आणि नंतर किती जागा सोडायची. मुळातच 0.2 सेकंद असते, व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं धरली तर 6 चित्रं. मी शून्य करून पाहिलं तर साठचा पुन्हा सा झाला. 0.3 केलं आणि तिथेच ठेवलं. दुसरी, शांत भाग कापायचाच असं नाही, तो वेगाने पळवता येतो. मी चौपट वेग दिला. आता खडू फळ्यावर सरसर पळतो, 12 खाली 6 येताना दिसतो. पोरांना तो भाग सगळ्यात जास्त आवडतो. पुसताना तर बाई कार्टूनमधल्यासारखी दिसते.

मधे एक भलतंच दुखणं निघालं. व्हिडिओच्या शेवटाकडे ओठ आधी आणि आवाज मागून. मला वाटलं टूल बिघडलं. खरं तर फोन सेकंदाला नेमकी 30 चित्रं घेत नाही, कधी 28, कधी 30, आणि कापताना तो हिशोब साचत जातो. आधी हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून व्हिडिओ एकसारख्या 30 वर काढून घ्यायचा, मगच कापायचा. हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझा एक रविवार वाचला असता.

उरली एक शांतता, जी मला हवीच होती. प्रश्न विचारल्यावर मी "सांगा बघू" म्हणून गप्प राहते. सात-आठ सेकंद. पोरांनी तेवढ्यात वहीत करायचं असतं. टूल तीही पळवायचं, आणि प्रश्नाच्या पाठोपाठ उत्तर यायचं. गप्प न राहता एक, दोन, तीन असं मोजून बघितलं, तर एका मुलीने उत्तरात 3 लिहिलं. "तुम्हीच म्हणालात की, बाई."

मग टाळी सुचली. गप्प होण्याआधी एक टाळी वाजवायची. आवाजाच्या आलेखात ती खिळ्यासारखी उभी दिसते, शोधावी लागत नाही. त्या वेळा टिपून टूलला सांगते की एवढे सेकंद तसेच राहू दे. एका व्हिडिओत अशा पाच-सहा जागा, दहा मिनिटांचं काम.

लसाविचा व्हिडिओ पुन्हा केला. तेवढीच चार गणितं, मुळात 38 मिनिटं, कापून 27. पहिल्या वेळेला 24 झाला होता, त्यापेक्षा 3 मिनिटं जास्त. ती 3 मिनिटं मला आता काढायची नाहीत. पाठवण्याआधी एकदा हेडफोन लावून फक्त आकडे ऐकते. बोलण्याचा मजकूर करून देणाऱ्या मॉडेलकडून तपासून बघितलं, पण ते फारच शहाणं निघालं. 'गट आहे' ऐकूनही मागच्या-पुढच्या शब्दांवरून 'गट आहेत' लिहून मोकळं होतं. चूक झाकायला बरं, पकडायला नाही.

परवा वर्गात, कॅमेरा नसताना, "सांगा बघू" म्हटलं आणि सवयीने टाळी वाजवली. अख्ख्या वर्गाने मागून टाळी वाजवली आणि सगळे चिडीचूप.