‘जनुकीय’ या शब्दापायी गेलेले सात आठवडे

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. खानदेशातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारांवरील औषधांसाठीच्या जनुकीय चाचणीची (एखादे औषध रुग्णाच्या शरीरात कसे वागेल, याचा त्याच्या जनुकांवरून अंदाज घेणारी चाचणी) ओळख करून द्यावी, यासाठी मी एक दिवसाचे प्रशिक्षण ठरवले. सभागृह आणि वक्ते चार दिवसांत मिळाले; परवानगीला सात आठवडे लागले.

अर्जाच्या विषयात ‘जनुकीय चाचणी’ हे शब्द पाहताच लिपिकाने तो १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे काम पाहणाऱ्या टेबलावर पाठवला, कारण त्या कायद्यात जनुकीय प्रयोगशाळा आणि जनुकीय चिकित्सालय यांच्या नोंदणीची तरतूद आहे. तो कायदा आवश्यकच आहे, परंतु माझा अर्ज त्याच्या कक्षेतला नव्हता. माझ्याकडे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी मागितली गेली. यंत्र नाही असे कळवल्यावर तसे प्रतिज्ञापत्र मागितले गेले. ते दिल्यावर संबंधित साहेब रजेवर गेले. मे महिन्याच्या उन्हात मी पाच खेपा घातल्या. त्याच काळात माझ्याकडे एक शेतमजूर बाई आली. एस्सिटालोप्राम या नैराश्यावरील औषधाच्या नेहमीच्या मात्रेनेही तिला मळमळ आणि गुंगी असह्य झाली होती, आणि पित्तासाठी ती रोज ओमेप्राझोल घेत होती. सीवायपी२सी१९ हे यकृतातील विकर (एन्झाइम) एस्सिटालोप्रामचे विघटन करते आणि ओमेप्राझोल त्याच विकराला अडवते, त्यामुळे औषध शरीरात साचते, हेच तर मला तिच्या गावच्या डॉक्टरांना सांगायचे होते. त्या विलंबाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अखेर मी विषय ‘औषध-प्रतिसाद चाचणी’ असा बदलला आणि ‘या चाचणीचा गर्भाशी संबंध नाही, रुग्णाची लाळ किंवा रक्त तपासले जाते’ हे वाक्य जोडले. दोन दिवसांत सही झाली. हे वाक्य पहिल्याच अर्जात लिहावे.

प्रशिक्षणाची सुरुवात मी हृदयरुग्णांच्या क्लोपिडोग्रेलपासून केली, कारण ते औषध सर्वांच्या परिचयाचे असून त्याला क्रियाशील करण्यातही हेच विकर महत्त्वाचे आहे. ही चाचणी आजाराचे निदान करत नाही आणि कोणते औषध हमखास लागू पडेल हेही सांगत नाही, हे मला तीनदा सांगावे लागले. सर्वाधिक प्रश्न फिट्स आणि मनोविकारांसाठी दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनवर आले: एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना या औषधामुळे त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया होण्याचा धोका अधिक असतो.

आणखी एक सांगायचे राहिले: अर्जाच्या पोचेवर आवक क्रमांक घ्यावा. माझा अर्ज कोणत्या टेबलावर अडकला आहे, हे मला त्या क्रमांकावरूनच कळले.